गाडीच्या पॅडलला साज चढवताना



पोळ्याला बैलांची शिंगे रंगवायची, अंगावर झूल टाकायची, गळ्यात घुंगुरमाळ बांधायची, ही आपली जुनी रीत. ज्याने वर्षभर आपले ओझे ओढले त्याला एक दिवस नटवावे, यात गैर काहीच नाही. हल्ली पुष्कळ घरांच्या दारात बैलांच्या शेजारी, किंवा बैलांच्या जागीच, ट्रॅक्टर उभा असतो. उसाचे, कांद्याचे, द्राक्षाचे चार पैसे बरे आले की एखादी चारचाकीही येते. बहुधा ती कोणाची तरी वापरलेली असते. मग घरातल्या तरुण मुलाला तिला नटवण्याची हौस येते. सीटला नवे कव्हर, स्टिअरिंगला वेष्टण, आणि त्या पाठोपाठ पॅडलवर बसवायची चकचकीत ॲल्युमिनियमची कव्हरे.

यावरून बापलेकांत वाद झालेले मी गावोगाव ऐकले आहेत. बाप म्हणतो, "पायाखालच्या वस्तूला कशाला पैसे घालायचे?" मुलगा म्हणतो, "शर्यतीच्या गाड्यांना अशीच असतात, पाय घसरत नाही." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण वाद पैशाचा नाही आणि दिसण्याचाही नाही. घुंगुरमाळ सैल झाली तर फार तर बांधावर गळून पडेल. पॅडलवरचे कव्हर सैल झाले तर काय होईल, याचा विचार घरातल्या सर्वांनी मिळून करायला हवा, कारण त्या गाडीत सगळे घर बसते. म्हणून आज शेतीचा विषय थोडा बाजूला ठेवून या छोट्या वस्तूबद्दल चार गोष्टी सांगतो.

पॅडल म्हणजे तरफच

शेतातला मोठा धोंडा पहारीने कसा उचकटतो ते आपल्याला ठाऊक आहे. पहारीच्या लांब टोकावर थोडा जोर दिला की आखूड टोकाशी मोठा जोर मिळतो. ब्रेकचे पॅडल हीच पहार आहे. पायाने दिलेला जोर ते कित्येक पटींनी वाढवून पुढे पोहोचवते. म्हणूनच आपले पाऊल त्या पॅडलवर नेमके पडणे आणि पडल्यावर न हलणे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल तर ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. वाटेत अचानक म्हैस आडवी आली आणि पाय घसरून पुन्हा ब्रेकवर जाण्यात एक सेकंद गेला, तर तेवढे १७ मीटर गाडी न थांबता जाते. एवढ्या अंतरात बैलगाड्यांची एक छोटी रांगच मावेल. पॅडलची पकड म्हणजे काय, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

ही तऱ्हा आली कोठून?

ॲल्युमिनियम आपल्याला नवे नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायका ज्याला जर्मनचे पातेले म्हणतात तेच हे. १८८६ साली अमेरिका आणि फ्रान्स येथे दोन तरुणांनी एकमेकांना न कळत विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करण्याची एकच पद्धत शोधून काढली आणि तेव्हापासून तो स्वस्त होत गेला. लोखंडाच्या मानाने त्याचे वजन साधारण एक-तृतीयांश. त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, कारण हवा लागताच त्याच्या अंगावर एक पातळ, घट्ट साय धरते आणि ती आतल्या धातूचे रक्षण करते.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांना शक्य तेथे वजन कमी करायचे असते. म्हणून त्यांनी पॅडलसाठी हा हलका धातू घेतला आणि त्यालाही भोके पाडली. भोकांच्या कडांमुळे बुटाला पकडही मिळाली. तेथून ही तऱ्हा साध्या गाड्यांत आली. मात्र आपण दुकानातून जे आणतो ते ॲल्युमिनियमचे पॅडल नसते. मूळच्या लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या पॅडलवर बसवायचे ते नुसते कव्हर असते. त्याने गाडीचे वजन कमी होत नाही, उलट थोडे वाढते. गाडी वेगाने पळत नाही की लवकर थांबतही नाही. त्याच्याकडून दोनच गोष्टी मिळण्यासारख्या आहेत. एक म्हणजे शोभा आणि दुसरी पकड. शोभा सगळीकडे मिळते. पकड मात्र पारखून घ्यावी लागते.

बैलाची पत्री आठवा

डांबरी सडकेवर ऊस वाहणाऱ्या बैलांना आपण पत्र्या ठोकतो. प्रत्येक पायाच्या दोन खुरांना दोन पत्र्या. त्या नसतील तर खूर झिजते. त्या गुळगुळीत झाल्या तर बैल घसरतो. खिळा वाकडा गेला तर बैल लंगडतो, आणि पत्री सैल झाली तर चालता चालता निघून जाते. म्हणून आपण जाणता नालबंद गाठतो. पॅडलच्या कव्हरालाही हेच नियम लागू आहेत.

नुसता घासून चकचकीत केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा ओल्या बुटाखाली चांगलाच निसरडा होतो. त्यामुळे कव्हर घेताना त्यावर रबराचे उंचवटे किंवा आडव्या रबरी पट्ट्या आहेत की नाहीत ते आधी पाहावे. हे रबर धातूच्या पातळीपेक्षा वर आलेले असावे. बोटाने दाबून आणि ओढून पाहावे. नुसते चिकटवलेले रबर नखाने सुटू लागले तर ते कव्हर दुकानातच ठेवावे. धातूच्या मागून भोकातून पुढे काढलेले रबर जास्त टिकते.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जुनी गाडी घेतली तेव्हा पॅडलवरचे मूळचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असेल, तर सर्वांत स्वस्त आणि बिनधोक उपाय म्हणजे त्याच गाडीचे नवे पॅडल-रबर आणून बसवणे. तालुक्याच्या गावी स्पेअर पार्टच्या दुकानात ते मिळते. हे काम आधी करावे. हौस त्यानंतर.

दोन पॅडलमधले अंतर

उजवा पाय दोन कामे करतो. वेग वाढवणे आणि ब्रेक लावणे. वेगाचे पॅडल, ज्याला आपण रेस म्हणतो, ते आणि ब्रेक यांमध्ये गाडी बनवणाऱ्याने विचारपूर्वक अंतर ठेवलेले असते. शिवाय बहुतेक गाड्यांत ब्रेकचे पॅडल रेसपेक्षा थोडे उंच असते. हेतू हा की, ब्रेक दाबताना बुटाची कड चुकून रेसवर पडू नये.

आता रेसवर पाच-सहा मिलिमीटर जाडीचे कव्हर चढवले आणि ब्रेक तसाच ठेवला, तर ही उंची तेवढी कमी झाली. कव्हर मूळ पॅडलपेक्षा रुंद असेल तर मधले अंतरही कमी झाले. शहरातला पातळ बूट घालणारा माणूस कदाचित निभावून नेईल. पण आपण शेतातून आलो की पायात गमबूट असतात, आणि काळ्या रानातला चिखल लागला की बूट आणखी रुंद होतात. असा पाय दोन्ही पॅडलवर एकदम पडला तर गाडी थांबायची की पळायची, हे गाडीलाच कळत नाही.

यास्तव "सगळ्या गाड्यांना चालते" असे सांगून विकले जाणारे कव्हर घेताना फार सावध राहावे. आपल्या गाडीच्या नमुन्यासाठीच केलेले, मूळ पॅडलच्या मापाबाहेर न जाणारे कव्हर घ्यावे. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तिला क्लच नसतो आणि ब्रेक रुंद असतो. तिच्यासाठी वेगळा जोड लागतो, हेही विसरू नये.

घट्ट बसले म्हणजे झाले, असे नाही

कव्हर बसवण्याच्या तीन पद्धती बाजारात दिसतात. पहिली चिकटपट्टीची. दुसरी कडा वाकवून पॅडलला अडकवण्याची. तिसरीत कव्हर वर, पट्टी मागे, आणि मध्ये स्क्रू आवळून पॅडल चिमट्यात धरायचे असते. नुसती चिकटपट्टी उन्हाने, धुळीने आणि ओलाव्याने सुटते, तेव्हा ती पद्धत पॅडलसाठी धरूच नये. मागे पट्टी देऊन स्क्रूने आवळलेले कव्हर त्यातल्या त्यात बरे. पण गाडीच्या थरथराटाने स्क्रूही सैल होतात. स्प्रिंग वायसर किंवा न सुटणारा नट वापरलेला असावा. स्क्रूची टोके मागे फार लांब आलेली नसावीत, नाहीतर ती खालच्या गालिच्यात अडकतात.

हे मी उगाच भीती घालण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेत टेस्ला कंपनीने सायबरट्रक नावाची विजेवर चालणारी गाडी काढली. एप्रिल २०२४ मध्ये त्या कंपनीला अशा ३८७८ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कारण काय, तर रेसच्या पॅडलवरचे कव्हर सरकून वरच्या भागात अडकू शकत होते आणि पॅडल दाबलेलेच राहण्याचा धोका होता. ते का सरकत होते? कारखान्यात कव्हर चढवताना सोपे जावे म्हणून साबण लावला गेला होता, आणि राहिलेल्या साबणामुळे पकड कमी झाली होती. एवढा मोठा कारखाना, आणि चूक साबणाच्या बोटाची. मग गावातल्या कोपऱ्यावर घाईघाईने बसवलेल्या कव्हराची आपण किती काळजी घ्यायला हवी!

कित्येकदा मेस्त्री "ड्रिल मारून पक्के करतो" म्हणतो. नव्या गाड्यांत रेसचे पॅडल बहुधा प्लॅस्टिकचे असते आणि त्याच्याजवळ विजेची नाजूक यंत्रणा असते. त्याला भोक पाडले की ते कमजोर होते. असे भोक पाडू देऊ नये. भोकाशिवाय बसत नसेल तर ते कव्हर आपल्या गाडीचे नव्हे, असे समजावे.

पॅडलखालची जागा मोकळी हवी

कव्हराइतकेच लक्ष खालच्या मॅटकडे द्यावे. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो शहराजवळ लेक्सस गाडीच्या अपघातात एकाच कुटुंबातील चौघे गेले. गाडीत दुसऱ्या नमुन्याची रबरी मॅट टाकलेली होती आणि रेसचे पॅडल तिच्यात अडकले होते. त्यानंतर टोयोटा कंपनीला मॅटच्या याच धोक्यावरून सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी सूचना काढावी लागली. मॅट वाईट नव्हती. ती त्या गाडीची नव्हती आणि आकड्यांत अडकवलेली नव्हती, एवढेच.

आपल्याकडे मॅटवर मॅट टाकण्याची सवय आहे. चिखल नको म्हणून कोणी खताची रिकामी गोणी अंथरतो. मग तिच्यावर जाड कव्हराचे पॅडल येऊन टेकते. गोणी आजच काढावी. एकच मॅट ठेवावी आणि ती जागेवर पक्की असावी. पाण्याची बाटली, मुलांची खेळणी, खुरपे, दसऱ्याच्या पूजेचे लिंबू-नारळ हे चालकाच्या पायाशी कधीही ठेवू नये. घरंगळून ब्रेकखाली गेलेली बाटली ब्रेक दाबूच देत नाही.

चालत्या गाडीत रेस अडकलीच तर घाबरू नये. ब्रेक एकदाच, जोराने आणि सलग दाबून धरावा. तो पुन्हा पुन्हा सोडू नये, कारण त्याने ब्रेकला मिळणारी मदत संपते. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. गाडी कडेला थांबल्यावर मगच इंजिन बंद करावे. गाडी चालू असताना किल्ली काढून घेऊ नये. स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. या पायऱ्या घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असाव्यात.

शेतकऱ्याचा पाय आणि ॲल्युमिनियम

शहरातल्या दुकानदाराला जे सांगता येणार नाही ते आता सांगतो. द्राक्ष बागायतदारांना बोर्डो मिश्रणाची ओळख आहे. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये, हे आपण नेहमी सांगतो, कारण मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि भांडे खाऊन टाकते. ॲल्युमिनियमचेही तेच होते. मोरचुदाने भिजलेला बूट रोज कव्हरावर पडला तर त्यावर बारीक खड्डे पडू लागतात. म्युरेट ऑफ पोटॅशसारख्या क्लोराइड असलेल्या खताचा ओला अंशही त्याला बाधतो. चुना आणि धुण्याचा सोडा यांच्याशी तर या धातूचे मुळीच जमत नाही. शिवाय ओलावा असेल तर लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियम जेथे भेटतात तेथे पांढरी भुकटी धरते आणि स्क्रूची पकड जाते. फवारणीनंतर बूट बदलूनच गाडीत बसावे. त्यात गाडीत बसणाऱ्या मुलाबाळांच्या प्रकृतीचेही हित आहे.

कव्हर पुसायचे ते साध्या साबणाच्या पाण्याने, आणि साबण पूर्ण धुऊन कोरडे करायचे. गाडी धुण्याच्या ठिकाणी चमक यावी म्हणून डॅशबोर्डवर फवारतात ते पॉलिश पॅडलवर आणि मॅटवर कधीही लावू देऊ नये. तेलाने माखलेल्या पॅडलवर उत्तम रबरही घसरते.

अनवाणी गाडी चालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हा धातू उष्णता चटकन ओढून घेतो. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीतले कव्हर पायाला चटका देते, आणि चटका बसलेला पाय आपसूक मागे येतो. तो ब्रेकवरून मागे यायला नको. सैल चप्पलही तितकीच वाईट. टाचेला पट्टा असलेले, पातळ आणि कोरड्या तळव्याचे पादत्राण गाडीतच ठेवावे.

भगिनींनो, आता तुमच्यापैकी अनेक जणी गाडी चालवायला शिकत आहात, ही फार आनंदाची गोष्ट आहे. कव्हराच्या बाहेर आलेल्या कडेत साडीच्या निऱ्या, ओढणीचे टोक किंवा पायातले पैंजण अडकू शकते. कव्हर आणल्यावर त्याच्या कडेवरून एक जुने फडके फिरवून पाहा. फडक्याचा धागा ओढला गेला तर ती कड पायालाही नको आणि साडीलाही नको.

ट्रॅक्टरच्या पॅडलची वेगळी गोष्ट

ट्रॅक्टरच्या पॅडलवर शोभेचे कव्हर मुळीच नको. तेथे चिखल, तेल आणि जोर सगळेच जास्त. तेथे खाचा असलेले मूळ पॅडल किंवा मूळचे रबरच योग्य. रोज सकाळी पॅडलवरचा चिखल खुरपीने खरवडून काढावा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात वळताना ते सुटे ठेवतात. पण रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पॅडल कडीने जोडलीच पाहिजेत. उसाची भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर फिरतो आणि उलटतो. कारच्या पॅडलवर पैसे घालण्यापूर्वी आपल्या ट्रॅक्टरची ही कडी शाबूत आहे का, ते आधी पाहावे.

बसवल्यावर करायची परीक्षा

१. इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक लावून, नेहमीच्या जागी बसावे. प्रत्येक पॅडल शेवटपर्यंत दाबून सोडावे. ते ताबडतोब आणि पूर्ण वर आले पाहिजे.

२. रेस पूर्ण दाबून धरली असता कव्हर मॅटला, गालिच्याला किंवा बाजूच्या प्लॅस्टिकला लागता कामा नये.

३. शेतात वापरायचे जाड बूट घालून रेसवरून ब्रेकवर वीस वेळा पाय न्यावा. एकदाही बूट दोन्हींवर पडला तर कव्हर काढावे.

४. बुटाचे तळवे ओले करून पुन्हा तेच करावे. पाय सरकला तर कव्हर काढावे.

५. कव्हर हाताने चारी बाजूंनी जोर लावून ओढावे. किंचितही हलले तर पुन्हा आवळावे.

६. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, उंच असो की ठेंगणा, ही परीक्षा स्वतः द्यावी. एकाला जमले म्हणजे सर्वांना जमले असे नाही.

७. मग मोकळ्या मैदानात अगदी सावकाश चालवून ब्रेक पाहावा. आठ दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळावेत आणि पुढे दर महिन्याला, टायरची हवा पाहतो त्या दिवशी, तेही पाहावेत.

शेवटी एवढेच

मुलाची हौस मोडू नये. ज्या मुलाला गाडी नीटनेटकी ठेवावीशी वाटते तो शेतातली अवजारेही नीट ठेवील. त्याला एवढेच सांगावे की, विळ्याची मूठ कितीही सुबक असली तरी हातात घट्ट बसल्याशिवाय आपण विळा घेत नाही, तसेच हे. वडिलांनीही नुसते "पैसे वाया गेले" म्हणून वाद मिटवू नये. मुलाबरोबर खाली वाकून, हाताने ओढून, वरची परीक्षा एकदा करून पाहावी. परीक्षेत उतरले तर कव्हर राहू द्यावे. चकाकेल, शोभेल आणि उपयोगीही पडेल. नाही उतरले तर काढून खुंटीला अडकवावे आणि मूळचे रबर बसवावे. झूल नसली तरी बैल घरी येतो. पाय घसरला तर मात्र येत नाही.